बिनपैशांचा गोवा

सर्वप्रथम एक साडू मिळवावा. ज्यांना साडू नाही त्यांनी शेजारी किंवा ऑफिसातला जुना सहकारी वापरला तरी चालेल, पण त्याला साडूची सर नाही. एखाद्या लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा पेला खाली ठेवत त्याने म्हणायला हवं, "आम्ही जयपूर करून आलो. पाच माणसं, विमानानं. तिकिटाला रुपया दिला नाही." मग त्याने खिशातून क्रेडिट कार्ड काढून ताटाशेजारी टाकावं. कार्ड धातूचं असलं तर त्याचा आवाज होतो. तो आवाज ऐकू आला की आपली साधना सुरू झाली असं समजावं.

माझी सुरुवात ठाण्यातल्या एका कार्यालयात, दुसऱ्या जिलबीच्या वेळी झाली. आमच्या वडिलांनी आयुष्यात एकदाच कर्ज काढलं, घरासाठी. ते फिटेपर्यंत पाहुण्यांसमोर 'हप्ता' हा शब्द उच्चारायला आम्हाला बंदी होती. अशा घरात वाढलेल्या माणसाला खर्च करून बचत होते हे तत्त्वज्ञान पचायला वेळ लागतो. घाई करू नये. रोज थोडं थोडं खर्चत जावं.

आता हिशेब. तो पत्नी घरात नसताना करावा. माझ्या कार्डावर दीडशे रुपयांच्या खर्चाला ४ पॉइंट मिळतात आणि विमानाचं तिकीट काढताना एका पॉइंटाचे ५० पैसे धरतात. आम्ही पाच जण: मी, ही, आई आणि दोन मुलं. गोव्याला एका बाजूचे माणशी ४ हजार धरले, तर जाऊन येऊन ४० हजार. म्हणजे ८० हजार पॉइंट. म्हणजे ३० लाखांचा खर्च.

ही नेमकी त्याच वेळी पाणी प्यायला उठली आणि कागद वाचून म्हणाली, "तीस लाख खर्च केले की चाळीस हजारांचं तिकीट फुकट. हे तुला कुठल्या शाळेत शिकवलं?"

अशा प्रश्नांनी खचू नये. पुढे आणखी बारकाईने वाचल्यावर मला कळलं की आमच्या बँकेच्या पोर्टलवर तिकिटाच्या ७० टक्केच रक्कम पॉइंटांतून देता येते, उरलेले ३० टक्के आपल्या खिशातून. कच्चा साधक इथे हिरमुसतो. पण नीट पाहा: आता ८० हजार नव्हे, ५६ हजार पॉइंटच पुरेत. ३० लाखांऐवजी फक्त २१ लाख खर्चायचे. एका रात्रीत ९ लाखांची बचत झाली.

तरी एक अडचण उरते. आमच्या घरचा कार्डावर होण्यासारखा खर्च महिन्याला ५० हजार. त्या गतीने २१ लाख व्हायला साडेतीन वर्षं लागतात, आणि माझे पॉइंट दोन वर्षांनी बाद होतात. तेव्हा स्वतःच्या संसारावर विसंबून राहता येत नाही, दुसऱ्यांच्या संसारातही खर्च करावा लागतो.

यासाठी नातेवाइकांशी संबंध सुधारावेत. मेहुणीला फ्रिज घ्यायचाय असं कानावर आलं की रविवारची झोप सोडून तिच्याबरोबर दुकानात जावं. पैसे तिचे, कार्ड आपलं. रक्कम तिने त्याच संध्याकाळी यूपीआयने पाठवायची, हे फ्रिज टेम्पोत चढायच्या आत ठरवून घ्यावं. ऑफिसची पार्टी असली की वेटरकडचं बिलाचं फोल्डर सगळ्यांच्या आधी आपण उचलावं. आमच्या टेबलावर हल्ली तिघांचे हात एकदम जातात. पूर्वी बिल आलं की मंडळी हात धुवायला उठत. समाज एवढा बदललेला मी माझ्या हयातीत पाहिला.

लग्नकार्य ही मोठी पर्वणी वाटते, पण तिथे जपून. कार्यालयवाला म्हणतो, कार्डावर द्याल तर २ टक्के जास्त. सराफही तेच म्हणतो, फक्त पेढीवर बसवून आणि चहा देऊन. आपल्याला पॉइंटांतून मिळतात १.३३ टक्के. पुतणीच्या लग्नात मी हा हिशेब हॉलच्या पायऱ्यांवर उभा राहून मोबाइलवर केला. तेवढ्यात दादाने रोख रक्कम मोजून दिली. तो त्याचा निर्णय.

पॉइंटांचं सोवळं फार कडक. कार्डाच्या व्यवहारात प्रत्येक दुकानाला चार आकडी गोत्र असतं: किराणा ५४११, सराफ ५९४४, पेट्रोलपंप ५५४१. पाटीवर काय लिहिलंय याला किंमत नाही, मशिन कोणतं गोत्र सांगतं त्यावर पॉइंट पडायचे की नाही ते ठरतं. पेट्रोलला बहुतेक कार्डांवर पॉइंट नाहीत, वॉलेटमध्ये पैसे भरायला नाहीत, आणि घरभाडं भरू गेलं तर वरून शुल्क. कोणत्या खर्चाला काय चालतं याचा तक्ता करून फ्रिजच्या दारावर लावावा. मेहुणीकडे नवा फ्रिज आहेच, तिथेही एक लावावा.

भाजीचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात माझे सहा महिने गेले. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली. त्यामुळे कोथिंबिरीलाही पॉइंट मिळण्याची सोय झाली. मी लगेच एक रुपे कार्ड घेतलं, त्यावरही दीडशेला चारच. आमच्या नाक्यावर दोघी भाजी घेऊन बसतात. एकीचा क्यूआर तिच्या मुलाच्या साध्या खात्याचा आहे. त्यावर क्रेडिट कार्ड चालत नाही. दुसरीचा क्यूआर व्यापारी आहे, शेजारी पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबाही आहे. पहिलीची मेथी कोवळी, जुडी २० रुपयांना. दुसरीची पिवळट, ३० रुपयांना. साधकाने दुसरीकडे जावं. मात्र एक जुडी घेऊ नये, दीडशेच्या आतल्या खर्चाला पॉइंटांचा भोपळा मिळतो. पाच घ्याव्यात. दीडशे रुपये, ४ पॉइंट, म्हणजे दोन रुपये. त्या हिवाळ्यात आम्ही मेथीची भाजी, मेथीची गोळाभाजी, मेथीचे पराठे आणि मेथी घातलेलं वरण खाल्लं. धाकट्याने शाळेतल्या 'माझा आवडता ऋतू' या निबंधात उन्हाळ्याची बाजू घेतली.

या शास्त्राचे मूळ आचार्य अमेरिकेतले. तिथे अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये प्रवाशांच्या मैलांचा हिशेब ठेवणारी योजना काढली आणि तेव्हापासून माणसं पोहोचण्यासाठी नव्हे तर मैलांसाठी उडू लागली. पण मला मनापासून आदर वाटतो तो नाण्यांच्या मंडळींबद्दल. एक डॉलरची नाणी लोकांच्या वापरात यावीत म्हणून तिथली सरकारी टांकसाळ ती दर्शनी किमतीला विकायची, वर घरपोच पाठवायची, तीही फुकट. काही भल्या माणसांनी क्रेडिट कार्डावर खोकीच्या खोकी मागवली, ती तशीच बँकेत नेऊन भरली आणि त्या पैशांतून कार्डाचं बिल चुकतं केलं. खर्च शून्य, पॉइंट हजारोंनी. नाणी टांकसाळीतून निघून बँकेत गेली, मध्ये कुणी त्यांचं साधं च्युइंगमसुद्धा घेतलं नाही. शेवटी जुलै २०११ मध्ये टांकसाळीने कार्ड घेणंच बंद केलं. आपल्याकडे सुट्ट्या पैशांऐवजी गोळी हातात ठेवतात, त्यामुळे ही परंपरा रुजली नाही.

आपल्या मातीत रुजलं ते व्हाउचर. बँकेच्या पोर्टलवरून किराण्याचं, कपड्यांचं, बुटांचं व्हाउचर घेतलं तर पाचपट पॉइंट मिळतात. १० हजारांच्या व्हाउचरला एरवीच्या ५० हजारांच्या खर्चाइतके. हा राजमार्ग, पण त्याला महिन्याची मर्यादा असते आणि व्हाउचरला मुदत. त्यासाठी एक्सेल करावं. माझ्या एक्सेलमध्ये सध्या अकरा रकाने आहेत. त्यातल्या एका रांगेत बुटांचं २ हजारांचं व्हाउचर आहे, ते ज्या दिवशी संपणार होतं त्या दिवशी मी ते वापरलं. दुकानात माझ्या मापाचे उरले नव्हते. बूट आता दादाकडे आहेत, हॉलच्या पायऱ्यांवरचा प्रसंग तो तेव्हापासून काढत नाही.

वार्षिक शुल्काचं म्हणाल तर २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण २,९५०. वर्षात ठरावीक खर्च झाला की ते माफ. पहिल्या वर्षी शेवटच्या आठवड्यात मला १० हजार चारशे कमी पडले. मी मिक्सर आणला. जुना चालू होता. २,९५० वाचले.

इथे एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून सांगतो. बिल पूर्ण आणि वेळेवर भरावं. स्टेटमेंटवर 'किमान देय रक्कम' म्हणून एक छोटा, मायाळू आकडा असतो. त्याच्याकडे बघूसुद्धा नये. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं, व्याजावर जीएसटी, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ५० हजार महिनाभर थकले तर १,८०० च्या आसपास व्याज. त्याच ५० हजारांवर मिळालेले पॉइंट ६६६ रुपयांचे. बँक इतकी उदार कशी, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. काही पैसे ती दुकानदाराकडून घेते आणि बरेचसे किमान रक्कम भरणाऱ्यांकडून. आमचा भाचा पुण्यात नोकरीला लागला तेव्हा पहिलं कार्ड मीच घ्यायला लावलं, शिफारशीचे पॉइंट मिळतात म्हणून. तो गेले आठ महिने किमान रक्कम भरतोय. आमच्या गोव्याच्या तिकिटात त्याचाही वाटा आहे, हे मी ताईला सांगितलेलं नाही.

पॉइंट साठले की ते खर्चण्याची घाई करू नये, आणि त्यांचे पैसे तर मागूच नयेत. विमानाला ५० पैसे असलेला पॉइंट तव्यासाठी वापरला तर ३५ पैशांचा होतो आणि रोख मागितली तर २० पैशांचा. पैशांत रूपांतर करणं हा पॉइंटाला अपमान वाटतो. शिवाय वटवायचं शुल्क ९९ रुपये, अधिक जीएसटी. हे सगळं पाहून माणूस निमूटपणे विमानात बसतो.

आम्ही बसलो ते मे महिन्यात. पोर्टलवर तिकीट त्या विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटपेक्षा माणशी तीनशेने महाग होतं, पण फुकटच्या तिकिटाची किंमत विचारू नये. पहाटेचं विमान पॉइंटांत स्वस्त पडलं. हॉटेलही पॉइंटांतच मिळालं, थेट काणकोणला, पाळोळ्याच्या किनाऱ्याजवळ.

पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री निघावं, कारण लाउंज. कार्डाच्या जोरावर विमानतळावरच्या लाउंजमध्ये २ रुपयांत जेवायला मिळतं, मात्र एका कार्डावर एकच माणूस. मी वर्षभर आधीच हिचं आणि आईचं अ‍ॅड-ऑन कार्ड काढून ठेवलं होतं. आईचं कार्ड तिने बटव्यात, अडकित्ता आणि गोंदवल्याचा अंगारा यांच्यामध्ये ठेवलं होतं. रांग बाहेर सरकत्या जिन्यापर्यंत आली होती. पाऊण तासाने आमचा नंबर लागला. माझं कार्ड चाललं नाही, मागच्या तिमाहीत पुरेसा खर्च झाला नव्हता म्हणे. मेथी कमी पडली. आईचं चाललं. ती आत जाऊन इडली, उपमा आणि दोन कप चहा घेऊन वीस मिनिटांनी बाहेर आली. "दोन रुपयांत पंगत चांगली होती," ती म्हणाली, "पण अप्पे गार." मी काचेबाहेरून पाहत होतो.

विमान वेळेवर उतरलं. इथे एक तांत्रिक सूचना. गोव्यात विमानतळ दोन आहेत. दाबोळीचा कोड जीओआय. जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या मोप्याचा जीओएक्स. पोर्टलवर दोन्हींपुढे नुसतं 'गोवा' लिहिलेलं असतं, कोड बारीक अक्षरांत. मोपा पेडण्यात, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाला. काणकोण दक्षिण टोकाला. आमच्या फुकटच्या विमानाच्या आणि फुकटच्या हॉटेलाच्या मधोमध उभा गोवा पसरला होता.

"कोकणकन्येनं आलो असतो तर सकाळी मडगावला उतरून चहासुद्धा झाला असता," आई म्हणाली. ती हे दोन महिने म्हणत होती, पण आता ती टॅक्सी स्टँडवर उभी राहून म्हणत होती.

टॅक्सीवाल्याने भाडं सांगितलं. मी अकरा रकान्यांचं एक्सेल मनातल्या मनात उघडलं आणि कार्ड पुढे केलं. "कार्ड नाही," तो म्हणाला. यूपीआय? क्यूआर त्याच्या भावाच्या नावावर होता, घरगुती. आईने बटवा उघडला, अडकित्ता बाजूला सारला आणि पेन्शनच्या नोटा मोजून दिल्या. गाडी पणजीच्या पुलावर आली तेव्हा मुलं झोपली होती आणि ही खिडकीतून मांडवीकडे बघत होती, माझ्याकडे नव्हे.

"परतीचं विमान कुठून?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"मोप्याहूनच," मी म्हणालो. "पहाटे सहाचं."

त्याने एका हाताने खिसा चाचपून स्वतःचं कार्ड काढलं आणि मागे न बघता आईच्या हातात दिलं. आईने ते चष्मा लावून वाचलं आणि बटव्यात, आधीच्या कार्डाशेजारी, नीट ठेवून दिलं.