तायडी आणि रिकामी जागा

डिझाइन शिकणारं माणूस घरात असलं की घरातली एकही वस्तू निर्दोष राहत नाही. पाण्याचा जग इतकी वर्षं निमूट पाणी वाढत होता; त्याचा कान चुकीच्या जागी बसवलाय हे एका रात्रीत उघडकीला येतं. हॉलमधल्या बोर्डावर आठ बटणं आहेत आणि पाहुणे पंखा लावायला गेले की हमखास बाल्कनीतला दिवा लागतो, यात पाहुण्यांची चूक नसून बोर्डाची आहे हे सिद्ध होतं. बँकेच्या दारावर ‘ढकला’ असं लिहावं लागतं, म्हणजे ते दार नापास. चांगल्या दाराला पाटी लागत नाही. डोनाल्ड नॉर्मन नावाच्या गृहस्थांनी १९८८ साली या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्याचं पारायण आमच्याकडे रोज रात्री आमटी-भाताबरोबर चालतं.

पारायण करणारी आमची तायडी. माझी भाची. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण धाकटा भाऊ बोलायला लागल्यापासून ती जगाचीच तायडी झाली.

तायडीचं ड्रॉइंग पहिल्यापासून चांगलं. एलिमेंटरीला ए, इंटरमिजिएटला ए, त्याचे दहावीला वाढीव मार्क. इथपर्यंत सगळं घर तिच्या बाजूनं होतं. चित्रकला ही आपल्याकडे दहावीपर्यंत कौतुकाची असते, दहावीनंतर काळजीची. बारावी सायन्सला असताना पोरीनं ‘मी यूसीड देणार’ असं जाहीर केलं, तेव्हा उभी हयात महावितरणमध्ये काढलेल्या भाऊजींनी तो शब्द तीनदा म्हणवून घेतला. ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते हे कळल्यावर मात्र त्यांच्या जिवात जीव आला. ‘तायडीनं आयआयटीची परीक्षा दिलीय,’ एवढंच ते नातेवाइकांत सांगत. वाक्यात खोटं काही नव्हतं.

नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले. “डिझाइन म्हणजे फॅशन ना गं?” नाही. “मग इंटिरिअर?” नाही. “म्हणजे ते कॉम्प्युटरवरचं?” थोडंफार. “बरं, बरं,” म्हणून काकू आवाज खाली आणतात, “पण नोकरी लागते ना?” सुरुवातीला तायडी समजावून सांगायची. अहमदाबादला १९६१ साली एनआयडी कशी निघाली, पवईला १९६९ साली आयडीसी कशी सुरू झाली, सगळं. हल्ली ती पहिल्याच प्रश्नाला ‘हो, फॅशन’ म्हणते आणि पानातली पुरणपोळी संपवते.

तिचा दिवस कधी सुरू होतो ते सांगता येत नाही, कारण आदला दिवसच संपलेला नसतो. एका सबमिशनला तीन आठवडे मिळतात. पहिला आठवडा ‘रिसर्च’, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावर कॉफी. दुसरा ‘आयडिएशन’, म्हणजे नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर पिवळ्या चिकट चिठ्ठ्या. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या आठवड्यातल्या सगळ्या कल्पना रद्द होतात, आणि शेवटच्या रात्री साडेअकराला फोमबोर्ड संपतो. त्या रात्री घरातल्या कुठल्याही सपाट वस्तूनं तिच्या नजरेला पडू नये. कटिंग मॅट मैत्रिणीकडे राहिली म्हणून तायडीनं एकदा आमच्या अक्काचा शिसवी पोळपाट घेतला. तेव्हापासून त्या घरातल्या प्रत्येक पोळीवर पंचेचाळीस अंशातल्या दोन रेघा उमटतात. अक्का पोळी तव्यावर उलटी टाकते, म्हणजे वाढताना दिसत नाहीत.

मॉडेल मोठं असलं की मला बोलावणं येतं. काम सोपं असतं: ॲक्टिव्हावर मागं बसायचं आणि दोन्ही हात पसरून आख्खा फोमबोर्ड धरायचा. म्हात्रे पुलावर वारा सुटला की त्याचं शीड होतं आणि गाडी आपण होऊन राजाराम पुलाकडं सरकायला लागते. “मामा, कोपरा दुमडू नकोस हं!” पुढून आवाज येतो. मामाचं काय होतंय याची चौकशी नाही. ज्यूरीत म्हणे आधी कोपरेच बघतात. त्या दिवशी ज्यूरीतल्या सरांनी कोपरेही पाहिले नाहीत. मॉडेलभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “पण हे का?” तीन आठवडे, दोन रात्री आणि एक मामा पणाला लावून केलेल्या कामाला तीन शब्द मिळाले. तायडी घरी येऊन रडली, मग वरण-भात खाल्ला आणि भाताच्या शेवटच्या घासाला म्हणाली, “बरोबर विचारलं त्यांनी.”

मतांच्या बाबतीत मात्र लेक गर्भश्रीमंत. हॉटेलात मेन्यूकार्ड आलं की आम्ही पदार्थ बघतो, ती फाँट बघते. “एका पानावर सहा फाँट! सहा!” तोवर मिसळीवर तर्रीची साय धरते. दुकानाच्या पाटीवर दोन अक्षरांमधली शिरोरेषा तुटलेली दिसली की बाईसाहेब भर लक्ष्मी रोडवर थांबून फोटो काढणार, आणि आतला दुकानदार कुठल्या तरी खात्याचं माणूस आलं समजून बिलबुक शोधायला लागणार. पुणेरी पाट्यांबद्दल मात्र तिला नितांत आदर आहे. शब्द मोजके, जागा नेमकी, वाचणारा कोण आहे याची पुरेपूर जाण आणि त्याच्याविषयी कसलाही गैरसमज नाही. परदेशात याला वेगळं खातं असतं आणि पगारही चांगला असतो, असं ती म्हणते. आमच्या जिन्यातली ‘चपला सरळ काढाव्यात, येथे प्रदर्शन नाही’ ही पाटी तिनं वर्गात दाखवली. पाटी लिहिणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका तेव्हापासून शिष्यवृत्तीची वाट पाहत आहेत.

सोसायटीच्या सेक्रेटरींना तिनं एकदा सांगितलं, “काका, तुम्ही नोटीस ज्या मंगल फाँटमध्ये टाइप करता ना, तो र. कृ. जोशींनी केलाय.”

“कोणते जोशी? बी विंगमधले?”

रुपयाच्या चिन्हावरून भाऊजींशी तिचं होणारं भांडण वार्षिक आहे. २०१० साली उदय कुमार यांचं चिन्ह निवडलं गेलं आणि त्यांना अडीच लाखांचं बक्षीस मिळालं, ही गोष्ट तिनं वडिलांचा डिझाइनवर विश्वास बसावा म्हणून सांगितली होती. भाऊजींनी चिन्ह निरखून पाहिलं. “र आहे. एक रेघ जास्त आहे.” थोडा हिशोब करून म्हणाले, “रेघेचे अडीच लाख?” ते चिन्ह देवनागरी र आणि रोमन आर या दोन्हींत बसतं, वरच्या दोन आडव्या रेघांमध्ये तिरंगा दिसतो, असं बरंच ती सांगत राहिली. भाऊजींनी त्या रात्री वीजबिलाच्या मागं स्वतःची दोन-तीन चिन्हं काढून पाहिली, हे मला अक्कानं सांगितलं. तायडीला अजून माहीत नाही.

माझ्यावरही तिचा राग आहे. कमल शेडगे यांनी केलेल्या नाटकांच्या अक्षरांच्या जाहिराती आम्ही तरुणपणी पेपरात रोज पाहत होतो आणि पेपर रद्दीला घालत होतो. “एकसुद्धा कापून ठेवली नाहीस?” असं ती विचारते तेव्हा आम्ही घरातलं सोनं भंगारवाल्याला दिलं असावं असा तिचा चेहरा असतो.

भंगारावरून आठवलं. अक्कानं लग्नातली पितळी भांडी कधीच मोडीत घालून स्टील घेतलं. त्याच पद्धतीचा एक पितळी तांब्या तायडीनं कोरेगाव पार्कातल्या एका चकचकीत दुकानातून आणला. किंमत ऐकून अक्का खाली बसली. तायडीनं लगेच १९५८ साल काढलं. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं तेव्हा सरकारच्या बोलावण्यावरून भारतभर हिंडलं, आणि त्यांनी जो अहवाल लिहिला त्यात सगळ्यांत जास्त कौतुक लोट्याचं आहे. पाणी किती मावतं, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कुठं जातो, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, ओतताना धार कशी पडते, हात किती मोठा... त्या अहवालातूनच पुढं एनआयडी उभी राहिली. आजी जपमाळ थांबवून ऐकत होती. “तांब्यानं पाणी ओततात हे बघायला अमेरिकेहून माणसं आणली?” तिनं विचारलं. “आणि जेवायला घातलं का कुणी त्यांना?”

घरात तायडीचा एकदाच सपशेल पराभव झाला, तो कालनिर्णयपुढं. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून तिनं स्वतः केलेलं कॅलेंडर लावलं. पांढरं शुभ्र, बारीक आकडे, बाकी काही नाही. दुपारपर्यंत संकष्टी कधी, चंद्रोदय किती वाजता आणि दूधवाल्याचे खाडे लिहायचे कुठं, हे तीन प्रश्न आले. संध्याकाळी कालनिर्णय खिळ्यावर परत होतं. पुढच्याच सत्रात इन्फर्मेशन डिझाइनच्या तासाला बाईंनी पडद्यावर काय दाखवलं असेल? कालनिर्णयचं पान. १९७३ पासून मराठी घरं एका चौकोनात तिथी, सण आणि दुधाचा हिशोब कसा बसवतात, यावर तासभर व्याख्यान. तायडी घरी आली आणि त्या पानासमोर हात जोडून उभी राहिली. अक्कानं तिला बाजूला सारून गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहिली.

पण तायडीची खरी कसोटी लागली ती चुलतभावाच्या मुंजीच्या पत्रिकेत. ‘घरचं माणूस असताना बाहेर पैसे कशाला घालायचे’ असं म्हणून काकांनी काम तिला दिलं. तिनं हातकागद आणला. डाव्या कोपऱ्यात एका रेघेत काढलेला पळसाचा दंड. मध्ये मुलाचं नाव, तारीख, वेळ, कार्यालय. बाकी कागद कोरा. काकांनी पत्रिका हातात घेतली, मागं उलटून पाहिली, परत सरळ केली.

“बाकीचं कुठाय?”

“बाकीचं नाहीये काका. ती व्हाइट स्पेस आहे.”

“अगं पण केवढी जागा वाया गेली!”

मग त्या वाया गेलेल्या जागेचं वाटप सुरू झालं. वर श्रीगजानन, त्याखाली कुलस्वामिनी, ग्रामदैवत. काकूंच्या माहेरचं दैवत राहिलं म्हणून तेही. पणजोबांचे आशीर्वाद. ‘आमच्या दादाच्या मुंजीला यायचं हं!’ आणि खाली पाच पोरांची नावं, त्यातलं एक सहा महिन्यांचं. आहेर आणू नये. गाड्या मागच्या मैदानात लावाव्यात. संध्याकाळपर्यंत पळसाच्या दंडाला उभं राहायला जागा उरली नाही.

फाइल घेऊन ती अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळातल्या छपाईवाल्याकडं गेली, सोबत मी. तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली आणि सगळी जोडाक्षरं फुटली. श्रीगजाननातला श सुटा, वेलांटी शेजारच्या शब्दावर, आशीर्वादाचा रफार ओळ सोडून वर गेलेला. तायडी पांढरी पडली. डीटीपीवाल्या भाऊंनी तोंडातला तंबाखू एका बाजूला घेतला आणि मजकूर बघत बघत सगळी पत्रिका आपल्या फाँटात नव्यानं बडवली. माउसला हात नाही. पत्रिकेला दोन कलश आणि सोनेरी वेलबुट्टी मात्र न मागता आली. “लोकांना आवडतं ताई,” एवढंच बोलले. आणि लोकांना आवडलीच. कार्यालयाच्या दारात काका ज्याला त्याला सांगत होते, “आमच्या तायडीनं केलीय!” तायडी जेवणाची पहिली पंगत उठेपर्यंत बाहेर आली नाही. परतताना म्हणाली, “मामा, त्या भाऊंनी प्रत्येक रफार बरोबर जागेवर बसवला होता, पाहिलंस? आमच्या वर्गात कुणाचा हात असा चालत नाही.” हल्ली ती अधूनमधून त्यांच्याकडं जाऊन बसते. वेलबुट्टीवर वाद घालते आणि चहा पिऊन येते.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिनं घरातच शोधला: आजीची औषधं. गोळ्यांच्या पाकिटावर चंदेरी कागदावर बारीक अक्षरं, आणि पट्टी कापली की मुदतीची तारीख नेमकी कापलेल्या तुकड्याबरोबर जाते. तायडीनं रंगीत डब्या केल्या, फोनवर घंटी वाजेल असं ॲप आखलं आणि वही घेऊन आजीसमोर बसली. “आजी, गोळी शोधताना तुला काय वाटतं?”

“वाटायचंय काय? थायरॉइडची उशाखाली, उठल्या उठल्या हाताला लागते. साखरेची पानात वाढायच्या डावाशेजारी. बीपीची देवापुढं, कारण दिवा लावताना घ्यायची.”

तायडीची पेन्सिल थांबली. डब्या कपाटात गेल्या. प्रकल्पात आता आजीच्या घराचा नकाशा आहे, त्यात तीन ठिपके आहेत, आणि सरांनी या वेळी ‘पण हे का?’ असं विचारलं नाही. पहिल्या पानावर सहकारी म्हणून आजीचं नाव आहे. आजीनं पान लांब धरून वाचलं आणि अक्षर बारीक असल्याची तक्रार केली.

तर कुणाकडं लग्न, मुंज, वास्तुशांत असेल तर कळवावे. पत्रिका करून मिळेल. पैसे आगाऊ. पोरांची नावं जास्तीत जास्त दोन. आणि ‘तुला काय, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम’ हे वाक्य उच्चारल्यास दर दुप्पट होईल, ओळखीच्या माणसांना तिप्पट.