आधी खिडकीत माणूस बसवा

आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेनुसार आयरिश ही पहिली अधिकृत भाषा, इंग्रजी दुसरी. काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या खिडकीपाशी हा क्रम उलटा होतो.

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनमाराच्या किनाऱ्यावरचा, आईच्या तोंडून आयरिश शिकलेला माणूस वाहन कराचं विचारायला फोन करतो. पलीकडून सांगतात, आयरिश येणाऱ्या बाई आज नाहीत, परवा बघा. त्याचं काम परवापर्यंत थांबणारं नसतं. तो मुकाट्याने इंग्रजीत बोलून मोकळा होतो, आणि पुढच्या खेपेला आयरिशच्या वाटेला जात नाही. मग साहेब लोक म्हणायला मोकळे, ‘आयरिशला मागणीच नाही!’ अहो, मागणाऱ्याला दोनदा परत पाठवल्यावर तिसऱ्यांदा कोण मागेल?

कायदा नाही असं नाही. आयरिशमध्ये लिहिलेल्या पत्राला आयरिशमध्येच उत्तर द्यायचं, हे २००३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तरी हा कायदा पाळला जातो का हे बघणाऱ्या भाषा आयुक्तांकडे वर्षानुवर्षं तक्रारी येतच आहेत. नावातल्या स्वरावरची फादा नावाची छोटी तिरपी रेघ सरकारी संगणकात गळते, म्हणून ती नीट नोंदवा असं सांगायलाही २०२१ ची कायदादुरुस्ती लागली. पहिले आयुक्त शॉन ओ कुरॉन यांनी डिसेंबर २०१३ मध्ये संसदीय समितीला हिशेबच मांडून दाखवला: शिक्षण खात्यात आयरिश येणारे कर्मचारी दीड टक्क्यावरून तीन टक्क्यांवर जायला या गतीने २८ वर्षं लागतील. एवढं बोलून ते थांबले नाहीत, पद सोडलं. पुढच्या फेब्रुवारीत आयरिशभाषकांच्या हक्कांसाठी हजारो माणसं लाल कपडे घालून डब्लिनच्या रस्त्यावर उतरली.

मला सर्वात जास्त खुपतं ते बांधकाम परवानगीचं प्रकरण. गेलताख्तमध्ये, म्हणजे आयरिशभाषक पट्ट्यात, नवं घर बांधायचं तर बऱ्याच ठिकाणी काउन्सिल भाषेची अट घालते: राहणाऱ्याला आयरिश आली पाहिजे. अट योग्यच आहे. बाहेरून आलेल्या वस्तीने गावाची भाषा बघता बघता बदलते. पण अर्जदाराची भाषा तपासणाऱ्या काउन्सिलमध्ये त्याची फाइल हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला ती भाषा येते का, हे कोण तपासणार?

२०३० अखेरपर्यंत सरकारी नोकरभरतीत २० टक्के माणसं आयरिश येणारी हवीत, असं ती २०२१ ची दुरुस्ती सांगते. उत्तम. फक्त ही देशभराची सरासरी आहे, आणि सरासरीत गाव हरवतं. डब्लिनच्या कार्यालयात भरलेल्या माणसाचा डोनेगॉलच्या आजीला काय उपयोग? २०२२ च्या जनगणनेत आयरिश येते म्हणणारे पावणेएकोणीस लाख होते. शाळेबाहेर रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार, आणि त्यातले गेलताख्तमधले सुमारे २० हजार. एवढ्या लोकांसाठी काउन्सिलला कारकुनांची फौज लागणार नाही. गॉलवे, डोनेगॉल, केरी इथल्या गेलताख्तच्या खिडक्या, फोन आणि परवानगीच्या फायली यांवर आधी आयरिश येणारी माणसं नेमा. बाकीची टक्केवारी मग पुरी करा.

आणि ‘आयरिशमध्ये बोलू का?’ हे नागरिकाला विचारायला लावू नका. पहिला शब्द कर्मचाऱ्याने आयरिशमध्ये उच्चारावा. ज्याला इंग्रजी हवी, तो तसं सांगेल.