टिपकागद

तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच. आमचा हिंजवडीला, चौथ्या मजल्यावर, कॉफी मशीनशेजारी बसतो. अकरा वर्षं गुमान जावामध्ये कोड लिहीत होता. मग टेक्निकल रायटरबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मॅनेजरने मीटिंगमध्ये विचारलं, "मॅन्युअल कोण बघेल?" सगळ्यांनी लॅपटॉपमध्ये डोकी घातली. हा नेमका मान वर करून जांभई देत होता.

बाई सहा महिन्यांनी परत आल्या. याने मॅन्युअल परत दिलं नाही.

"हे बटण का दाबायचं?"

"सेव्ह होतं."

"नाही दाबलं तर?"

"नाही होत, बाबा!"

"मग तसं लिहिलंय कुठे?"

आपण वैतागून बोललेलंही तो टिपून घेणार आणि पानाच्या तळाशी चौकटीत टाकणार. 'टीप:'. म्हणून त्याचं नाव टिपकागद.

कॉफी मशीनवर चिठ्ठी लागली. 'टीप: दूध संपल्यावर येणारं पाणी गरम असतं. तो चहा नव्हे.' गेल्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. आहेर आणू नये ही टीप सगळ्यांच्याच पत्रिकेत असते. याच्या पत्रिकेत पाच होत्या. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' या पुतण्यांच्या ओळीपुढे कंसात: 'किती वाजता, ते टीप 4 मध्ये पाहा.'

आम्ही त्याच्यावर अजाईल जाहीरनाम्याचं अस्त्र सोडलं. 2001 साली अमेरिकेतल्या युटामध्ये सतरा जाणकारांनी सांगून ठेवलंय, की जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं. (आमच्यापैकी एकानेही तो वाचलेला नव्हता, पण कामचुकारपणालाही शास्त्राधार लागतो.) टिपकागदाने वाचलेला होता. "त्याच्या खाली टीप आहे," म्हणाला. आणि खरंच आहे! दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही किंमत आहेच, असं ते सतरा जण शेवटी लिहून गेलेत.

एवढ्यावर थांबला असता तर चाललं असतं. पण युनिक्सचं 1971 सालचं मॅन्युअल त्याच्या हाती लागलं. त्यात कमांडची माहिती देताना 'बग्ज' असा मथळा देऊन आपल्याच मालातल्या खोडी उघड लिहिलेल्या आहेत. झालं! आमच्या मॅन्युअलमध्ये टीप आली: 'हा रिपोर्ट 500 ओळींच्या पुढे बेरीज चुकवतो.' सेल्सवाले धावत वर आले. क्लायंटने मात्र आभाराची मेल पाठवली. तो दोन वर्षं स्वतःच्या अकाउंटंटवर संशय घेत होता.

तो रिपोर्ट माझा होता. मी टिपकागदाशी महिनाभर बोललो नाही.

मग एका रात्री दोन वाजता फोन आला. सर्व्हर पडला होता. तो भाग ज्याने लिहिला, तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. कोडमध्ये त्याची एकच कॉमेंट: 'हे नंतर नीट करू.' चरफडत टिपकागदाचं पान उघडलं. सात पायऱ्या, आणि सगळ्यात वर, तळाशी नव्हे, चौकट:

'टीप: हे पान रात्री उघडलं असेल, तर आधी पाणी पिऊन या. पायरी 3 घाईत चुकते. माझी चुकली होती.'

उठलो. पाणी प्यायलो. पावणेतीनला सर्व्हर उभा राहिला.

सकाळी तो कॉफी मशीनपाशी एकेकाला गाठून विचारत होता, "त्या पानाचे वाचक रात्रीत एकाचे दोन झालेत. कोण होतं रे?"

मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.