लांबणाऱ्या गोष्टी, आखडणारी क्रियापदं

लातूर-नांदेडच्या क्लासच्या गल्ल्यांत ‘मोनोटोनस’ हा शब्द आता मराठीच झालाय. मेसमध्ये तेच पातळ वरण, रविवारी तीच टेस्ट. ‘लातूर पॅटर्न’ या अभ्यासपद्धतीचा सगळा भरवसा सरावावर, म्हणजे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा. पोरगं फोनवर कुरकुरतं, “पप्पा, लई मोनोटोनस व्हायलंय.” बाप शेतात उभा असतो. सोयाबीन, तूर, पुन्हा सोयाबीन, पुन्हा तूर, असा त्याचा जन्म चाललेला. तो म्हणतो, “बरं.”

संगणकाच्या शास्त्रात मात्र याच घराण्यातला ‘मोनोटॉनिक’ मानानं वावरतो. नोम चॉम्स्की यांनी १९५०च्या दशकात व्याकरणांची जी उतरंड रचली, तिच्यात मोनोटॉनिक व्याकरणालाही जागा आहे. अट एकच: नियमानं एका तुकड्याच्या जागी दुसरा ठेवताना नवा तुकडा जुन्यापेक्षा आखूड नसावा. तेवढाच राहील किंवा वाढेल; घटणार नाही.

आमच्याकडच्या आजोबा मंडळींना ही अट कुणी न शिकवता पाठ आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ही मूळ गोष्ट एका वाक्याची. पुढच्या खेपेला तिच्यात टँकरची रांग आली, मग रांगेतलं भांडण, मग त्या भांडणात पोचा पडलेली घागर. एकदा आत आलेलं काही बाहेर जात नाही. बरं, हसायचीही सोय नाही. खऱ्या गाडीलाही आधी दहाच डबे होते, नंतर पन्नास झाले.

या न घटण्याचा फायदा मोठा आहे. एखादं वाक्य व्याकरणात बसतं का, हे यंत्राला विचारलं तर त्याला त्या वाक्याहून लांब काही तपासावंच लागत नाही. तपासायच्या ओळी मर्यादितच. वेळ कितीही लागो, निकाल लागतोच. आखडायची मुभा दिली की ही हमी गेली. ओळ मध्येच वाटेल तेवढी फुगून पुन्हा लहान होऊ शकते, आणि यंत्र शोधतच बसतं.

आता पंचाईत अशी, की गोष्टी लांबवणारी हीच माणसं क्रियापदं मात्र निर्दयपणे आखडतात. ‘करू लागला आहे’ हे लातूरकडं ‘करलालाय’ होतं, ‘करायला लागलाय’ हे नांदेडकडं ‘करायलाय’. म्हणजे चॉम्स्कींच्या त्या अटीत आमची गोष्ट पास आणि क्रियापद नापास. पण त्याच अटीत पाणिनीही नापास होतात. अष्टाध्यायीत वर्ण, प्रत्यय गाळायला ‘लोप’ नावाची रीतसर सोय आहे आणि पाणिनींनी ती सढळ हातानं वापरली आहे. तेव्हा ‘करलालाव’ म्हणाल्यावर पुण्यात कुणी हसलंच, तर खुशाल पाणिनींचा हवाला द्या.