चंद्र उगवला, मेस बंद

मोठ्या कॉलेजात मुलगा हरवतो, अशी पालकांना धास्ती असते. लहान निवासी कॉलेजात हरवायची सोयच नसते, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. पुण्यात दांडी मारली तर वर्गाला पत्ताही लागत नाही. आमच्याकडं चार जणांनी दांडी मारली की सर पुस्तक मिटून सरळ होस्टेलवर यायचे आणि कॉटवर बसून तास घ्यायचे. डोक्यावरून पांघरूण घेतलेल्या एकाला सरांनी ‘मातीचा सामू म्हणजे काय?’ असं विचारलेलं मी ऐकलं आहे. त्यानं पांघरुणातूनच उत्तर दिलं. बरोबर दिलं. सरांनी त्याची हजेरी लावली आणि पंखा बंद करून गेले.

बीडहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालं की मांजरसुंबा लागतं. तिथं रबडी खाऊन उजवीकडं पाटोद्याचा रस्ता धरला की पुढं लिंबागणेश. आमचं शेतकी कॉलेज तिथल्याच बालाघाटाच्या माळावर कुठंतरी होतं. कुठं ते सांगत नाही, कारण आमचे रेक्टर सर अजून दिवाळी अंक वाचतात. लिंबागणेश ही आमची राजधानी. कटिंग, झेरॉक्स, रिचार्ज, चहा आणि देव, सगळं तिथंच. देव भालचंद्र. गणपतीला पाहून चंद्र हसला, त्याला शाप मिळाला, मग त्यानं इथं तप केलं आणि देवानं त्याला कपाळावर घेतलं, अशी कथा आहे. तिथल्या तीर्थाचं नावही चंद्रपुष्करिणी. देवानं चंद्राला माफ केलं हे ठीकच. पण नंतर चंद्रानं त्याचं उट्टं आमच्यावर काढलं, ते दर संकष्टीला.

संकष्टीला आमचं अख्खं होस्टेल उपास करायचं. भक्ती हे त्याचं एक कारण होतं, पण पहिलं नव्हे. त्या दिवशी दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी असायची, आणि एरवीचं वरण इतकं पारदर्शक की त्यातून ताटाच्या तळावर कोरलेलं देणगीदाराचं नाव वाचता यायचं. त्यामुळं नास्तिकही संकष्टी धरायचे. नेकनूरचा आमचा एक मित्र रोजे पाळायचा आणि भगरीसाठी संकष्टीही. ‘ईद चंद्रावर, संकष्टी चंद्रावर, आपलं सगळं वरून ठरतं,’ म्हणायचा.

पण मेस रात्री नऊला बंद. आणि कॅलेंडरात चंद्रोदय, समजा, नऊ वाजून आठ मिनिटांनी.

ह्या आठ मिनिटांवर जेवढी चर्चा झाली तेवढी चार वर्षांत एकाही पिकावर झाली नाही. शेवटच्या वर्षाचा एक सीनियर फळ्यावर गणित मांडायचा : भिंतीवरच्या कॅलेंडरातली वेळ मुंबईची. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. बीड मुंबईच्या पूर्वेला, अंदाजे पावणेतीन अंश. म्हणजे चंद्र आपल्याकडं अकरा मिनिटं आधी उगवणार. नऊ-आठमधून अकरा गेले, आठ सत्तावन्न. मेस उघडी, चंद्र वर, वाढा!

मेसचे मामा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी सगळं गणित शांतपणं ऐकून घेतलं आणि झाऱ्यानं पूर्वेकडं दाखवलं. ‘आन् त्यो डोंगर कुणी मोजायचा?’

डोंगर कुणीच मोजला नव्हता. मग सगळी संकष्टी गच्चीवर. कुणी पाण्याच्या टाकीवर चढलेला, कुणी त्याच्या खांद्यावर. ‘दिसला!’ असं कुणी ओरडलं की मामा खालूनच विचारायचे, ‘चंद्र का टॉवरचा दिवा?’ पावसाळ्यात तर ढगांमुळं मामांच्या शब्दावरच पारणं फिटायचं. रेक्टर सर नऊला कुलूप घेऊन यायचे, मामा त्यांना डाळीचा हिशोब विचारायचे, आणि हिशोब संपेपर्यंत चंद्र वर यायचा. हा हिशोब दर संकष्टीलाच का निघतो, हे सरांना कधी कळलं नाही. किंवा कळलं असेल.

लहान कॉलेजात माणसं कमी आणि पदं पूर्ण असतात. त्यामुळं एकच जण मेस सेक्रेटरी, खो-खोचा कप्तान आणि एनएसएसचा गटनायक असायचा. मेस सेक्रेटरी म्हणून स्वतःविरुद्ध आलेली तक्रार तो गटनायक म्हणून पुढं पाठवायचा. स्नेहसंमेलनात सगळेच स्टेजवर. खाली बसायला प्राचार्य, शिपाई आणि मामा. टाळ्या मात्र कमी पडल्या नाहीत, मामांचे तळवे भाकरी थापून तयार झालेले.

दिवाळीत ‘होस्टेल रिकामे करावे’ अशी नोटीस लागायची. बहुतेक जण पिशव्या भरून निघायचे. काही मुलं नोटीस वाचून पुन्हा कॉटवर. त्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. घराला कुलूप आणि किल्ली कर्नाटकात. मामा तेवढ्यांसाठी दोन दगडांवर तवा ठेवायचे आणि रेक्टर सर नेमके त्या आठवड्यात मागच्या बाजूला फिरकायचे नाहीत. सुट्टी संपल्यावर बाकीचे फराळ आणायचे. चिवडा मेसच्या टेबलावर ओतला की कुणाच्या घरचा कुठला हे कुणी विचारत नसे.

दिवाळीच्या आगेमागे सीताफळं. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमचं संशोधन त्याच्या किती तरी आधीपासून चालू होतं. फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा रुंद होऊन पिवळट झाल्या की तोडायचं, हे कुठल्याही शेतकऱ्याचं पोर सांगेल. पण डोळे उघडेपर्यंत थांबलं तर राखणदाराचेही उघडतात. म्हणून कच्चीच आणायची आणि ट्रंकेत कपड्यांच्या घडीत पिकवायची. एकानं अशी दहा-बारा फळं ‘मृदाशास्त्र’च्या झेरॉक्समध्ये गुंडाळून ठेवली. तिसऱ्या दिवशी वास व्हरांड्यात. रेक्टर सर आले. काही बोलले नाहीत. ट्रंकेवर बसले. घरची चौकशी केली, कापसाचा भाव विचारला, हजेरीचं महत्त्व सांगितलं. सर चांगले भरदार. पत्रा हळूहळू वाकत होता आणि आतून पचपच आवाज येत होता. सर उठून गेल्यावर ट्रंक उघडली : एनएसएसचा पांढरा शर्ट, त्यावर गर, काळ्या बिया, आणि त्यात चिकटलेलं ‘जमिनीची धूप’. पुढच्या सोमवारी त्या मुलाला सेमिनारचा विषय मिळाला, ‘सीताफळाच्या बियांचा कीटकनाशक म्हणून उपयोग’. सरांनी बिया जपून ठेवायला सांगितल्या होत्या.

पाण्याचं सांगायचं तर 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते देशानं पाहिलं. आमच्याकडं रेल्वे नव्हती, टँकर होता. टँकरचा हॉर्न ऐकू आला की परीक्षेच्या हॉलमधूनही बादल्यांचा आवाज यायचा, कारण हुशार मुलं बादली बाकाखाली घेऊनच बसत. रांगेत माणसानं उभं राहायची पद्धत नव्हती, बादली उभी राहायची. माणसाची अनुपस्थिती चालायची, बादलीची नाही.

सातव्या सत्रात आम्हाला ‘कृषिदूत’ म्हणून गावात पाठवलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा अभ्यासक्रम. टोपी, टी-शर्ट, छातीवर बिल्ला. शेतकऱ्यांना पाच टक्के निंबोळी अर्काचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी गाळून द्रावण शंभर लिटर करायचं. पारावर सगळे जमले. मी ‘शंभर लिटर पाणी’ म्हणालो आणि एक म्हातारे बाबा उठून उभे राहिले.

‘शंभर लिटर?’

‘हो बाबा.’

‘तू आधी पानी आन. अर्काचं मी बघतो.’

प्रात्यक्षिक संपलं. बाबांच्या सुनेनं सगळ्या कृषिदूतांना चहा दिला. टोपीखालच्या मुलांतला एक त्याच गावचा होता; बाबा त्याचे चुलत आजोबा. त्यानं अहवालात लिहिलं, ‘शेतकऱ्यांचा प्रतिसाद उत्स्फूर्त होता.’

प्रवेशाच्या दिवसांत ओळखीचे पालक फोन करून विचारतात, लहान कॉलेज बरं का मोठं. मुलाला माणसं हवी असतील तर लहान कॉलेजात खुशाल घाला. फक्त बादली घरून द्या, झाकणासकट, आणि तिच्यावर नाव ऑइलपेंटनं लिहा. मार्करचं पुसतात.