दोन चमचे, तेवढंच पाणी

संत्र्याला लवंगा टोचत बसले होते, तेवढ्यात हे मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "शेजारी चांगले आहेत गं इथले. करणी कोणावर करतेस?"

त्यांचा तरी काय दोष! आमच्या सांगलीकडे तिठ्यावर लिंबू पडलेलं दिसलं की माणूस वळसा घालून जातो, आणि त्या लिंबाला टाचण्या टोचलेल्या असल्या तर वळसा आणखी मोठा होतो. माझ्या हातातल्या संत्र्याला तोवर चाळीसेक लवंगा टोचून झाल्या होत्या. सालीतून तेलाचा बारीक फवारा उडून चष्म्याच्या काचेवर बसला होता, आणि अंगठ्याला एव्हाना बधिरपणा आला होता. लवंग दाताला लावली की दात बधिर होतो हे माहीत होतं. अंगठाही होतो हे पासष्टाव्या वर्षी कळलं.

लेक कनेक्टिकटमध्ये राहते. आम्ही सहा महिन्यांसाठी गेलो होतो, आणि ऑक्टोबर लागला तशी बाहेरची झाडं पेटल्यासारखी लाल-पिवळी झाली होती. शनिवारी संध्याकाळी गल्लीतली मंडळी अंगणात जमणार, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा, असा बेत ठरला. लेकीनं गरम सायडरची जबाबदारी हौसेनं अंगावर घेतली आणि तितक्याच हौसेनं माझ्या अंगावर टाकली. "आई, काही नाही गं, तुझ्यासाठी डाव्या हातचा मळ," असं म्हणून ती कामावर गेली. जाताना फ्रिजवर चिठ्ठी डकवून गेली: एक गॅलन सायडर, एक बाटली रेड वाईन, दालचिनीच्या काड्या, लवंगा, चक्रीफूल, एक संत्रं, किंचित जायफळ, गोडीला मेपलचा पाक. खाली दोन रेघा मारून 'मंद आच' आणि तीन रेघा मारून 'वाईन सगळ्यात शेवटी'.

माझी खरी पंचाईत पहिल्याच शब्दाशी झाली होती. सायडर म्हणजे दारू, असं मी इंग्रजी कादंबऱ्या वाचून समजत होते. इंग्लंडात ते खरंही आहे. अमेरिकेत मात्र सायडर म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला गढूळ रस, आणि तो आंबवून दारू झाली की त्याच्या नावाआधी 'हार्ड' लागतं. हे पूर्वी इथंही असं नव्हतं. सायडर म्हणजे आंबलेलंच असायचं. जॉन ॲडम्स, म्हणजे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष, सकाळी उठल्याबरोबर एक पेला सायडर घेत आणि नव्वद वर्षं जगले. जॉनी ॲपलसीड म्हणून ज्याच्या गोष्टी इथली पोरं ऐकतात, तो जॉन चॅपमन गावोगाव सफरचंदाच्या बिया लावत फिरला. पण बीपासून उगवलेलं सफरचंद आईच्या वळणावर जात नाही. बहुतेकदा ते आंबट-तुरटच निघतं. ते खाण्याचं नव्हे, पिण्याचं फळ. पुढे दारूविरोधी चळवळी झाल्या, १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षं देशभर दारूबंदी आली, आणि सायडर या शब्दानं मुकाट्यानं सोवळं नेसलं.

या बेताच्या आदल्याच रविवारी जावयांनी आम्हाला ओल्ड मिस्टिक गावी नेलं होतं. तिथं बी. एफ. क्लाइड यांची सायडरची गिरणी १८८१ पासून एकाच घराण्यात चालू आहे, तीही अजून वाफेच्या इंजिनावर. मला वाटलं होतं काहीतरी संग्रहालय असेल. आत पाऊल टाकलं आणि मी थेट शिराळ्याच्या वाटेवरच्या गुऱ्हाळात जाऊन उभी राहिले. तोच गोड, किंचित आंबूस दरवळ. त्याच घोंघावणाऱ्या गांधीलमाश्या, माणसांना खिजगणतीत न धरणाऱ्या. सफरचंदं वर चढून दळली जात होती, चोथा कापडात गुंडाळून घडीवर घडी रचला जात होता, आणि वरून दाब बसला की चारी बाजूंनी तपकिरी रस झिरपत होता. यांनी सवयीनं विचारलं, "काहिल कुठे आहे?" काहिल नव्हती. रस तसाच प्यायचा. यांना ते अर्धवट काम वाटलं. गूळच करायचा नसेल तर एवढं इंजिन कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब.

तर आता शनिवारची दुपार. मसाले शोधायला मला लेकीचं कपाट उघडावंच लागलं नाही. माझ्या बॅगेत दसऱ्याच्या श्रीखंडासाठी आणलेलं जायफळ होतं, चक्का टांगायचं फडकं होतं, लवंग-दालचिनी होती. मसाले फडक्यात बांधून पुरचुंडी केली आणि पातेल्यात सोडली. जायफळ मात्र किसताना हात जरा सैल सुटला. एक तर कनेक्टिकटचं जुनं टोपणनाव 'जायफळाचं राज्य'. इथले फेरीवाले म्हणे लाकडाची जायफळं कोरून भोळ्या गिऱ्हाइकांना विकायचे. खरं-खोटं कोण जाणे, पण नाव चिकटलं. शिवाय लेक रोज जिथं नोकरीला जाते ते मॅनहॅटनही एका अर्थी जायफळाच्याच भावात गेलेलं. १६६७ साली ब्रेडाच्या तहात डचांनी मॅनहॅटनवरचा हक्क सोडला, आणि इंग्रजांनी बांदा बेटांपैकी रन नावाच्या एवढ्याशा बेटावरचा. त्या बेटावर होती जायफळाची झाडं. तेव्हा डचांना आपण इंग्रजांना गंडवलं असं वाटलं असणार. अशा मुलखात जायफळ 'किंचित' घालणं मला बरं दिसेना. अर्धं किसलं.

आणि मग मी गॅस मोठा केला.

पस्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. ऊर्ध्वपातनाची आकृती डोळे मिटून काढीन. अल्कोहोलचा उत्कलनांक ७८ अंश सेल्सिअस, हा आकडा किती तुकड्यांकडून घोकून घेतला असेल याची गणती नाही. पण शिकवलेलं डोक्यात असतं आणि स्वयंपाक हातात असतो. समोर पातेलं, त्यात दालचिनी-लवंगेची पुरचुंडी, वर येणारी वाफ. हातानं ठरवूनच टाकलं की हा काढा आहे. आणि काढा म्हणजे आटवणं. वैद्य अष्टमांश सांगायचे; घरी निदान चतुर्थांश तरी. वाईन शेवटी घालायची हे मी वाचलं होतं, पण सगळं एकत्र उकळलं की अर्क चांगला उतरतो हे माझ्या आजीचं वाक्य त्या तीन रेघांपेक्षा जुनं होतं. बाटली ओतली, झाकण ठेवलं आणि धाकट्या बहिणीला फोन लावला. तिच्या सुनेचा विषय निघाला. तो विषय मंद आचेवरचा नाही.

परत आले तेव्हा पातेल्यात तिसरा हिस्सा उरला होता. झाकण उचललं तशी जी वाफ आली, तिच्यानं डोळे चुरचुरले. त्या बाटलीतल्या वाईनमधली वाईन बहुतांशी धुराड्याच्या पंख्यानं ओढून गल्लीत सोडली होती. खाली राहिलं होतं काकवीसारखं काळसर, कडू-गोड, घशाला चिकटणारं काहीतरी. मी चमच्यानं चाटून पाहिलं आणि पन्नास वर्षं मागे गेले. अहो, हे तर आजीचं द्राक्षासव!

आमच्या आजीचं सोवळं गल्लीत प्रसिद्ध होतं. गुत्त्यावरून जायची वेळ आली तर ती नाकाला पदर लावून, रामरक्षा पुटपुटत जायची. चातुर्मासात कांदा-लसूण घरात येत नसे. पण रात्रीची जेवणं झाली की फडताळातून तपकिरी बाटली निघायची. दोन चमचे आसव, तेवढंच पाणी, चांदीच्या वाटीतून. काळ्या मनुका, साखर, मध, दालचिनी, वेलदोडा, लवंग, जायफळ, पिंपळी, आणि आंबण्यासाठी धायटीची फुलं. बरणीचं तोंड बंद करून महिनाभर ठेवायचं, मग आपसूक मद्यार्क तयार होतो. हल्ली बाटलीवर त्याचं प्रमाणही बारीक अक्षरांत छापतात, पण तेव्हा छापलं असतं तरी आजीचे डोळे बारीक अक्षरांपुरते अधू होते. "औषधाला चातुर्मास नसतो," असं तिचं मत होतं. बाटली तळाला गेली की तिच्या पोटात गच्च वाटायला लागायचं आणि वडिलांना सायकल काढावी लागायची. थंडीच्या दिवसांत दोन चमच्यांचे तीन होत. वाटीत नेमके किती चमचे पडतात हे मोजायची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती.

तेव्हा मसालेदार वाईन हे काही माझ्या लेकीचं आणि तिच्या शेजाऱ्यांचं खूळ नव्हे. आमच्या घरात ते दोन पिढ्या नांदून गेलेलं आहे, फक्त दवाखान्याच्या दारानं आत आलेलं. आणि हे एकट्या आजीचं नाही. मध्ययुगात युरोपात दालचिनी-आलं घातलेली गोड वाईन पीत, तिला म्हणत हिप्पोक्रास. ती ज्या कापडी पिशवीतून गाळत, त्या पिशवीला हिप्पोक्रॅटिस या ग्रीक वैद्याची बाही म्हणायचे. म्हणजे तिथंही पुढे वैद्याला उभं करून त्याच्या पाठीआडून पेला. आपल्या महाराष्ट्रात तर कायद्यानंच ती सोय केली आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली प्यायची तर परवाना हवा, आणि परवाना कशासाठी, तर प्रकृती राखण्यासाठी! माझ्या धाकट्या दिरांकडे असा तहहयात परवाना आहे. प्रकृती राखण्यात त्यांनी कधी कसूर केलेली नाही.

असो. लेक यायला तास होता. पहिल्या पातेल्याची काकवी एका वाडग्यात काढून ठेवली. गॅरेजमधून सायडरचा दुसरा गॅलन आणला, वाईनची दुसरी बाटली जावयांच्या ठेवणीतली काढली, आणि या वेळी ओट्यापाशी खुर्ची टाकून बसले. फोन बंद. सायडरला कडेनं बारीक मोत्यासारखे बुडबुडे धरू लागले की गॅस अगदी लहान करायचा. पाऊण तास मसाल्यांना त्यात नुसतं बसू द्यायचं, आणि वाईन गॅस बंद करायच्या जरा आधी ओतून गरम होण्यापुरतीच ठेवायची. उकळी दिसली की समजावं, आपण शेजाऱ्यांच्या नाकांना पाहुणचार करतोय. दुसऱ्या पातेल्यात पोरांसाठी आणि यांच्यासाठी वाईनशिवायचं. रंग मात्र झकास आला होता, वाईनच्या पातेल्याला कोकमाच्या सारासारखा. त्यात ते करणीचं संत्रं गोल गोल फिरत होतं.

अंगणात शेगडी पेटवली होती. मंडळींनी मातीच्या मगांना दोन्ही हातांनी विळखा घालून, वाफ तोंडावर घेत घेत प्यायलं. पलीकडच्या घरातल्या आजीबाईंनी मला विचारलं, यात काय घातलंय? मी सांगितलं, श्रीखंडाचा मसाला. त्यांनी मान डोलावली आणि आणखी मागितलं. साडेआठच्या सुमाराला एकेकाला जांभया यायला लागल्या. एरवी अकरापर्यंत हसणारी माणसं नवाला खुर्च्या उचलून घरी गेली. लेकीला त्याचं आश्चर्य वाटलं. मला नाही. बाळगुटीत आम्ही जायफळाचे दोन वेढे द्यायचो, ते उगाच नव्हे.

हे मात्र रात्रभर वाईनच्या पातेल्याकडे पाठ करून बसले होते. बँकेत अडतीस वर्षं काढली, असंख्य निरोपसमारंभ पाहिले, पण कोकम सरबताच्या पुढे गेले नाहीत. त्याचा त्यांना अभिमान आहे आणि तो ते दडवत नाहीत.

गॅरेजमध्ये तिसरा गॅलन अर्धा उरला होता. रस्त्याकडेच्या बागेतून आणलेला, न तापवलेला. फ्रिजमध्ये जागा नव्हती, थंडी होती, म्हणून तिथंच राहिला, आणि मी विसरले. पंधरा दिवसांनी पाहते तर हे रोज जेवण झालं की गॅरेजमध्ये एक चक्कर मारून येतात. पाय मोकळे करायला म्हणे. मी मागोमाग गेले. प्लॅस्टिकचा कॅन टरटरून फुगला होता, टोपण उघडताना फिस्स झालं, आणि यांनी शांतपणे अर्धा पेला भरून घेतला.

"हा रस मुरल्यावर जास्त छान लागतो गं," म्हणाले, "जिभेला जरा चुरचुरतो. आणि पोट कसं हलकं राहतं."

मी त्यांच्या हातातून पेला घेऊन वास घेतला. घोटभर चाखला. विज्ञान शिकवलेली बाई गप्प कशी राहणार?

"अहो, हा आंबलाय. यात आता दारू झालीय."

हे पेल्याकडे बघत राहिले. बाहेर पाचोळा सरसरत होता.

"किती?"

"आजीच्या द्राक्षासवाच्या अलीकडे-पलीकडे असेल."

"आजी किती घ्यायच्या?"

"दोन चमचे. तेवढंच पाणी."

यांनी थोडा विचार केला. बँकेत कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी करायचे, तसा.

"चमचा आण," म्हणाले. "पाणी राहू दे."