‘खायचं कुठं?’ : नव्या कोल्हापूरकरांसाठी प्राथमिक धडे

बदली होऊन कोल्हापुरात आलात, राजारामपुरीत भाड्याचं घर मिळालं, गॅस जोडून झाला. आता साधारण पंधराव्या दिवशी फोन येईल. पुण्याहून, क्वचित ठाण्याहून. तुमच्या साडूंचे मेहुणे बोलत असतील. त्यांना तुम्ही एका लग्नात पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलेलं असतं. “आम्ही गोव्याला निघालोय. वाटेत अंबाबाईचं दर्शन घेणार. दोन तास आहेत हाताशी. खायचं कुठं?”

हा प्रश्न खाण्याबद्दल आहे असं समजणं ही नवशिक्याची पहिली चूक. परीक्षा तुमची चालू आहे. रस्सा पातळ निघाला तर हॉटेलवाल्याला कोणी नाव ठेवत नाही. “तुमच्या साडूंनीच सांगितलं होतं हो” असं पुढची सात वर्षं प्रत्येक बारशाला निघतं. आणि रस्सा फक्कड निघालाच तर म्हणतात, “कोल्हापूरचं पाणीच वेगळं!” म्हणजे श्रेय पंचगंगेला. हा व्यवहार तोट्याचाच आहे हे आधी मनाशी पक्कं करा, म्हणजे पुढचं शिकणं सोपं जातं.

तर पहिला धडा: लगेच उत्तर देऊ नये. उलट विचारावं, “गाडी केवढी आहे?” उद्यमनगरातल्या बोळात सात माणसांची गाडी घालून कोणी मिसळीपर्यंत पोचलं, तरी परत निघताना मागं सरकताना जे ऐकून घ्यावं लागतं त्यानं चव जाते. दुसरा प्रश्न, “आज वार कुठला?” हा सर्वांत महत्त्वाचा. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार-शुक्रवार देवीचे, आणि पाहुणे तर देवीलाच आलेले. त्यात संकष्टी, एकादशी, श्रावण. पाच माणसांच्या गाडीत रोज कोणाचा ना कोणाचा वार असतोच. आजी शाबूदाण्यावर, सूनबाईंचा गुरुवार, मुलगा मटणाला आसुसलेला, आणि गाडी चालवणारे मेहुणे “मला काहीही चालतं” म्हणणारे. काहीही चालणाऱ्या माणसापासून सावध राहा. तक्रार तोच करतो.

आता मिसळ. इथं जरा सावकाश घेऊ, कारण बाहेरून आलेली माणसं इथंच घसरतात.

कोल्हापुरात मिसळीचं नाव घेणं म्हणजे पत्ता सांगणं. उद्यमनगरात फडतऱ्यांची, कसबा बावड्यात बावड्याची, खासबाग मैदानाजवळ खासबागेची, शिवाय चोरग्यांची. यांतली कुठली सर्वांत चांगली हे जिभेवर ठरत नाही, तुम्ही कुठल्या पेठेत वाढलात यावर ठरतं. इथल्या फुटबॉलचं जसं असतं तसंच. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम यांचा सामना असला की खेळ कोणाचा चांगला हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. तुम्ही तर भाडेकरू, तुम्हाला पेठच नाही. त्यावर उपाय सोपा: घरमालकाची मिसळ तीच आपली मिसळ, निदान अकरा महिन्यांचा करार संपेपर्यंत. एका मिसळीच्या बाकड्यावर बसून दुसरीचं कौतुक मात्र करू नका. कोणी काही बोलणार नाही. फक्त कट वाढायला येणारा मुलगा तुमच्या टेबलाला वळसा घालून जाईल.

कट हा शब्द आला आहे तर तो इथंच पाठ करा. पुण्यात ‘सॅम्पल’ म्हणतात, नागपुराकडं ‘तर्री’. कोल्हापुरात कट. गेल्या वर्षी माझ्या पुण्याच्या आतेभावाला मी स्वतः घेऊन गेलो होतो. समोर प्लेट आली. खाली मोड आलेल्या मटकीची उसळ, त्यावर फरसाण आणि शेव, वर बारीक कांदा आणि कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड, आणि या सगळ्याला बुडवून वर आलेला लालभडक तवंग. शेजारी पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस. आतेभावानं आधी ब्रेडकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा ब्रेडकडं. दोन घास झाल्यावर त्यानं हात वर केला आणि मुलाला म्हणाला, “एक सॅम्पल आण रे.”

मुलगा थांबला. हातातली किटली तशीच धरून म्हणाला, “सॅम्पल कशाचं, पावणं? पूर्ण मिसळच दिलीय की.”

पलीकडच्या बाकड्यावरचे दोघं हसले. आतेभावाचे कान तवंगाच्या रंगाचे झाले. मी हळूच “कट, कट” म्हणालो तेव्हा कुठं किटली वाकली. तेव्हा पाहुण्यांना पत्ता सांगायच्या आधी हा शब्द सांगा. ब्रेडचंही सांगून टाका, नाहीतर ते “पाव संपलेत का हो?” असं विचारून बसतील.

आणि हेही सांगा की घाबरू नका. हा लाल रंग जेवढा दिसतो तेवढा भाजत नाही. कांदा-लसूण चटणीत संकेश्वरी मिरची असते तशी रंगासाठी ब्याडगीही असते, शिवाय खोबरं, तीळ, धणे आणि गरम मसाल्याचा बेत असतो. घाम येतो, पण माणूस उठत नाही. कोल्हापूरबाहेर ‘कोल्हापुरी’ नावाखाली जो नुसता तिखटजाळ प्रकार वाढतात त्याची जबाबदारी आमच्यावर नाही. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची भाजीही अशीच. ती कुठल्या गावची हे आम्हालाही कोडंच आहे. पाहुणे विचारतील तेव्हा नम्रपणे म्हणावं, “ती पुण्यात चांगली मिळते.”

मिसळीचं नाव सांगून झालं की लगेच एक वाक्य जोडायचं: “पण आता पूर्वीसारखी राहिली नाही.” तुम्ही पूर्वी खाल्लेली नाही, याची काळजी करू नका. हे वाक्य म्हणजे विमा आहे. मिसळ आवडली तर पाहुणे म्हणतील, आत्ता ही अशी, तर पूर्वी कशी असेल! नाही आवडली तर तुम्ही आधीच सांगितलेलं असतं. शिवाय या वाक्यानं तुम्ही पंधरा दिवसांत वीस वर्षांचे कोल्हापूरकर होता.

मटणाचं थोडक्यात सांगतो. थोडक्यात, कारण या विषयात मत देण्याची तुमची अजून पात्रता नाही. या शहरात 2019 च्या अखेरीस मटणाच्या दरावरून आंदोलन पेटलं होतं, कृती समिती होती, बैठका होत होत्या. ज्या गावात मटणाचा दर हा सार्वजनिक प्रश्न असतो तिथं नवख्यानं जपून बोलावं. पद्मा, ओपल, देहाती ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. यांतलं एक सांगितलं तर कोणी तुमच्यावर हसणार नाही, फार कौतुकही करणार नाही. ताटात सुकं मटण येतं, तांबडा रस्सा येतो, पांढरा येतो. पांढऱ्याकडं बघून पाहुण्यांतलं एखादं मूल “सूप!” असं ओरडतं. ओरडू द्यावं. मटणाच्या आळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू. लाल मिरची नाही, हळद नाही. तो भाकरीबरोबर खायचा नसतो, गरम असतानाच वाटी तोंडाला लावायची. तांबडा भाकरीसाठी. दोन्ही रस्से पुन्हा पुन्हा वाढतात आणि हे कळल्यावर पाहुणे पहिल्या दहा मिनिटांतच रश्श्यावर पोट भरून मटण ताटात टाकतात. त्यांना वेळीच आवरा.

पाटी कशी वाचायची तेही शिकून घ्या. कोल्हापुरातल्या ज्या हॉटेलाच्या पाटीवर ‘अस्सल कोल्हापुरी’ असं लिहिलेलं असतं ते हायवेवरच्या माणसांसाठी असतं. गावात कोणी स्वतःला कोल्हापुरी म्हणवून घेत नाही. गंगेकाठी कोणी ‘येथे गंगा आहे’ अशी पाटी लावतं का?

आता तरुण पाहुण्यांचा प्रश्न. मेहुण्यांचा मुलगा हिंजवडीत नोकरीला असतो. तो दबक्या आवाजात विचारतो, “काका, इकडं चांगला पब कुठला?” इथं परमिट रूम भरपूर आहेत, पण पब म्हणजे त्याच्या डोक्यात जे आहे ते इथं शोधायला जाऊ नका. मी सरळ म्हणालो, “सोळंकीकडं जा. कॉकटेल मस्त मिळतं.” तो खूश. आंघोळ करून, काळा शर्ट घालून, अत्तर मारून गेला. तासाभरानं परत आला तेव्हा चेहरा लहान मुलासारखा झालेला. कोल्हापुरात कॉकटेल म्हणजे उंच ग्लासात आइसक्रीम, फळांच्या फोडी आणि सुकामेवा. शेजारच्या टेबलावर एक आजोबा नातीला घेऊन तेच खात होते म्हणे. त्यानं दोन खाल्ली. हे उत्तर मी आता कोणालाही देतो आणि कोणीही अजून भांडायला आलेलं नाही. त्यानंतर खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ, मग रंकाळ्यावर एक चक्कर. संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसलं की पबचं नाव निघत नाही.

या सगळ्या विद्येनंतरही फजिती होते. मीही शिकलेला नव्हतो तेव्हा बायकोच्या मामांना एका खानावळीचं नाव मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. सांगलीहून ते सहकुटुंब आले, भर दुपारी, मे महिन्यात. खानावळ बंद. दारावर खडूनं लिहिलेलं, ‘सुट्टी’. कसली, किती दिवस, काही नाही. मामांनी तिथूनच फोन केला. मी म्हणालो, “शेजारी बघा.” शेजारी पंक्चर काढायचं दुकान होतं. शेवटी त्यांनी स्टँडसमोर डोसा खाल्ला. आजही मामा मला जेवायला वाढताना विचारतात, “जावईबापू, उघडं आहे ना तोंड?”

त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. नाव सांगणारा घरी पंख्याखाली बसलेला असतो आणि उन्हात उभा राहणारा दुसराच असतो, म्हणून शिफारस इतकी स्वस्त असते. या गावात एकदा महाग शिफारस झाली होती, ती नव्या माणसानं ऐकून ठेवावी. दरबारात चाकरीला असलेल्या गंगाराम कांबळेंना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून वरच्या जातीच्या माणसांनी बेदम मारलं होतं. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं. भाऊसिंगजी रोडवरच्या त्या हॉटेलाचं नाव ‘सत्यसुधारक’. दलिताच्या हातचा चहा प्यायला गाव येणार नाही हे महाराजांना ठाऊक होतं. त्यांनी हुकूम काढला नाही की जाहिरात केली नाही. खडखड्यातून फेरफटक्याला निघाले की गाडी त्या हॉटेलासमोर थांबवायची, गंगारामांकडून चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या सरदार-दरकदार मंडळींच्या हातातही कप द्यायचे. मंडळींना तो प्यावाच लागे. छत्रपतींनी आपली पत त्या कपात घातली होती. त्याच्यापुढं आपलं “अमक्याकडं जा, मस्त मिळतं” म्हणजे काय?

तेव्हापासून मी फोनवर नाव सांगत नाही. म्हणतो, “मी येतो बरोबर.” निम्मे पाहुणे तिथंच गळतात. त्यांना नाव हवं असतं, साडू नको असतो. उरलेले निम्मे येतात. मग उन्हात मीही उभा असतो, बंद दार मलाही दिसतं, कट कमी पडला तर आवाज मी देतो. बिलावरून गल्ल्यापाशी झटापट होते, ती मी हरतो. पाहुण्यांना बिल देऊ द्यायचं नसतं, पण साडूंच्या मेहुण्यांचं मनगट माझ्यापेक्षा जाड आहे.

तुम्ही नवीन आहात, अजून तुमच्याकडं फोन आलेला नाही. तोवर एकदा माझ्याबरोबर चला. मिसळ नको, मटण नको, त्यावरून आपलं पहिल्याच भेटीत बिनसेल. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर या. म्हैस समोर उभी असते, गवळी समोर धार काढतो आणि कोमट, फेसाळ ग्लास तसाच हातात देतो. यावर दोन पेठांचं अजून भांडण झालेलं मी ऐकलेलं नाही. गाडी लांब लावा, चालत या. फेस मिशीला लागतो, रुमाल आणा.